पोटमाळ्यावरची होडी

माझी नणंद हेस्टर कुठल्याही घरात शिरली की आधी माणसांकडे बघत नाही, जिन्याकडे बघते. मग दारांकडे, मग खिडक्यांकडे. लोक कॉफी विचारत असतात आणि ही मान तिरकी करून मनातल्या मनात त्यांचा सोफा वळणावरून फिरवत असते. लग्न करून मी डोर्ड्रेख्टला आले, तेव्हा पहिल्या भेटीत तिनं माझ्याकडेही असंच पाहिलं. मला वाटलं, मी हिला आवडले नाही. नंतर कळलं की माझ्या मागच्या कपाटाचे पाय सुटे होतात का, ते ती बघत होती.

आमचा धंदा घरसामान हलवण्याचा. कोपमान आणि मुलं. ‘कोपमान’ म्हणजे माझे सासरे आरी, आणि ‘मुलं’ म्हणजे हेस्टर आणि माझा नवरा लेंडर्ट. शिवाय ओरहान. तो कोपमान नाही, पण इतकी वर्षं आमच्यात आहे की जेवताना माझ्या सासऱ्यांना ‘पुरे करा आता’ म्हणायची हिंमत फक्त त्याच्यात आहे. मी टिनेके. फोन घेते, तारखा जुळवते, रडणाऱ्या गिऱ्हाइकांना धीर देते.

कारण गिऱ्हाइकं रडतात. घर बदलताना माणूस आपल्या ताब्यात राहत नाही. सकाळी आठला गाडी दारात उभी राहावी आणि बाईंनी गाऊनमध्ये दार उघडून म्हणावं, ‘आज होतं का?’ खोकी भरलेली नसतात, फ्रिजमध्ये पातेलंभर सूप तसंच पडलेलं असतं, नवरा-बायको कोणतं कपाट कुणाचं यावर भांडत असतात. बाहेर आमची गाडी लावायची जागा कुणीतरी सायकलींनी भरून टाकलेली असते. तेवढ्यात कालव्यावरचा पूल बोटीसाठी उघडतो, एक लांबलचक मालवाहू बोट आरामात निघून जाते आणि आपण अर्धा तास तिच्या शेपटाकडे बघत बसतो. त्यात लेंडर्टची पाठ. एका जुन्या वॉशिंग मशीननं ती घालवली, तेव्हापासून हवा बदलली की तो वाकडा चालतो.

आणि आता तर मोठ्या कंपन्या आल्या. त्यांच्याकडे ट्रकवर बसवलेल्या विजेच्या शिड्या. बटण दाबलं की पलंग चौथ्या मजल्यावर. आम्ही अजून कप्पी आणि दोरावर. त्या वसंतात तर आठवड्यातले दोन-दोन दिवस गाडी दारातच उभी असायची. सासरे रोज ती धुवायचे.

अशाच एका दिवशी फोन आला. पलीकडून एक बाई इतक्या हळू बोलत होत्या, की घरात कुणी आजारी असावं असं मला वाटलं.

‘तुम्ही मोठ्या वस्तू खाली उतरवता का?’

‘उतरवतो की. पियानो आहे का?’

‘नाही हो. होडी आहे.’

‘बागेत आहे का?’

‘पोटमाळ्यावर,’ बाई म्हणाल्या आणि एकदम हसायला लागल्या. हसू थांबेना. मागून एक पुरुषी आवाज ओरडला, ‘ओडा, हसू नकोस, त्या फोन ठेवतील!’

मी फोन हेस्टरला दिला. ती ऐकत राहिली. तिचे डोळे मोठे मोठे होत गेले. कुठलाही प्रश्न न विचारता ती म्हणाली, ‘आम्ही येतो. आत्ता येतो.’

ते घर बंदराच्या जुन्या कालव्यावर होतं. पुढचं दार रस्त्यावर, मागची भिंत सरळ पाण्यात उतरलेली. स्खाउटेन डॉक्टर दातांचे डॉक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. दवाखाना चालू असल्यापासून दर रविवारी ते माळ्यावर जायचे आणि थोडी होडी करायचे. आधी एक फळी, मग दुसरी. ओडाबाई विचारायच्या, ‘ही बाहेर कशी जाणार?’ डॉक्टर म्हणायचे, ‘ते नंतर बघू.’ आता होडी पूर्ण झाली होती आणि ते ‘नंतर’ येऊन ठेपलं होतं.

मी, हेस्टर आणि लेंडर्ट वर गेलो. तुळयांच्या मधोमध ती होडी अशी बसली होती, की घर तिच्याभोवती बांधलंय असं वाटावं. मधाच्या रंगाचं लाकूड, आरशासारखं वार्निश. तीन माणसं डोक्याला पाय लावून झोपतील एवढी सहज लांब.

‘बापरे,’ लेंडर्ट म्हणाला. ‘जिन्यानं तर हिचं वल्हंसुद्धा जायचं नाही.’

‘मोठ्या दोन कंपन्या बघून गेल्या,’ डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. ‘मागच्या बाजूला पाणी, त्यांची शिडीची गाडी उभी करायला जागा नाही. त्यातला एक म्हणाला, मधून करवतीनं कापा.’

हेस्टरनं ऐकलंच नाही. ती मागच्या भिंतीशी पोहोचली होती. तिथं दोन झडपांचं जुनं लाकडी दार होतं. पूर्वी या घरांत धान्य साठवायचे. बोटी खाली लागायच्या आणि या दारातून पोती वर ओढली जायची. तिनं खिट्टी काढून दार ढकललं. वारा आत आला. दाराच्या डोक्यावर ओकची तुळई बाहेर निघालेली, तिला लोखंडी आकडा. खाली हिरवं पाणी, समोर दुसऱ्या घरांच्या पाठी.

ती वळली. चेहरा लहान पोरीसारखा फुललेला.

‘डॉक्टर, आडवी करून. कुशीवर झोपवून. पुढचं टोक आधी बाहेर. आणि जाते कुठे माहितीय? सरळ पाण्यात!’

घरी मात्र रण पेटलं.

‘आपण घरसामान हलवतो,’ सासरे म्हणाले. ‘जहाजं नाही.’

‘बाबा, ती घरातच आहे. म्हणजे घरसामानच झालं.’

‘आकडा गंजलेला असेल.’

‘आकडा नकोच. तुळईलाच नवा पट्टा घालू. सुताराला दाखवलीय, लाकूड ठणठणीत आहे. वाळूची पोती टांगून आधी दुप्पट वजनाची परीक्षा घेऊ.’

‘आणि खाली पाण्यावर कोण?’

‘तुम्ही.’

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासऱ्यांना जिने बंद होते, आणि गाडी धुण्याखेरीज त्यांना काम उरलं नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं. त्यांचं आधीचं सगळं आयुष्य बंदरात गेलेलं. बोटी बांधणं, दोर फेकणं हेच.

‘आणि वर हुकूम कोण देणार?’ त्यांनी विचारलं.

‘मी,’ हेस्टर म्हणाली.

ओरहाननं सूप ढवळता ढवळता हळूच पुस्ती जोडली, ‘मी तर कधीचा तिचंच ऐकतो. तुम्ही ओरडता, मी मान हलवतो आणि मग तिच्याकडे बघतो.’

सासऱ्यांनी चमचा आपटला. पण दुसऱ्या दिवशी ते बंदरातल्या एका जुन्या दोस्ताकडून सपाट तळाची कामाची बोट मागून आले आणि तिचं इंजिन उघडून बसले. म्हणजे होकार आला.

पुढचे दिवस कसे गेले कळलं नाही. रोजची कामं चालूच होती. एका वकिलाची पुस्तकं, एका आजींची मांजरं आणि त्या मांजरांचं फर्निचर. मधल्या वेळात हेस्टर माळ्यावर. पुठ्ठ्याची होडी कापून ती दारातून आतबाहेर करून बघायची. वाळूच्या पोत्यांनी तुळई तपासली, जराही कुरकुरली नाही. कालव्याची वाहतूक शनिवारी सकाळभर थांबवायची परवानगी मी मिळवली. कचेरीतल्या साहेबांनी तीनदा विचारलं, ‘कुठून उतरवणार म्हणालात?’ हेस्टरनं डॉक्टरांना बजावलं, ‘मी मापं घेतलीत. आता होडीला काही लावायचं नाही. एक खिळासुद्धा नाही.’ डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

शनिवार उजाडला तो निळाशार. मी आणि सासरे बोटीत. इंजिन माझ्याकडे, कारण मी त्यांची एकुलती एक सून आणि दुसरं कुणी त्यांच्यासोबत बसायला तयार नव्हतं. पुलावर माणसं जमली होती. कुणी घडीच्या खुर्च्याच आणल्या होत्या. समोरच्या घरात वरच्या मजल्यावर रोझालीचं केस कापायचं दुकान. तिच्या मागच्या मोठ्या खिडकीत गिऱ्हाईक बायका गर्दी करून उभ्या, डोक्याला रंग लावून चांदीचा कागद गुंडाळलेला, गळ्यात काळे झगे.

वर दार उघडलं. हेस्टर दारात आली. कमरेला पट्टा, पट्ट्याचा दोर आत तुळईला. तिच्यामागे होडीचं टोक चमकलं आणि पुलावरून ‘ओऽऽ’ असा आवाज उठला.

‘लेंडर्ट, खांबाला वेढे किती?’

‘चार!’ आतून आवाज. होडीच्या मागच्या टोकाला बांधलेला दोर बाहेरच्या कप्पीतून फिरून आत येत होता आणि ओकच्या जाड खांबाला वेढे देऊन लेंडर्टच्या हातात होता. वजन सगळं खांब पेलणार, पाठीला काम नाही.

‘बाबा, पुढचा दोर तुमच्याकडे?’

‘कधीचा!’ सासरे ओरडले. होडीच्या पुढच्या टोकाला बांधलेला दोर खाली त्यांच्या हातात होता. होडी भिंतीवर आपटू नये म्हणून ती बाहेर ओढून धरायची हे आमचं काम.

‘ओरहान, ढकल. सावकाश.’

उंबऱ्यावर पोती टाकली होती, त्यांवरून होडी घसरत बाहेर आली. आधी हातभर, मग माणूसभर. कुशीवर निजलेली, पोट उन्हाकडे. भिंतीतून मासा बाहेर पडतोय असं दिसत होतं. निम्म्याहून जास्त बाहेर आल्यावर पुढचं टोक खाली झुकायला लागलं. तसंच ठरलेलं होतं. हेस्टरचा आवाज एका लयीत चालला होता, ‘ये... ये... ये... थांब. ये...’

आणि खट्‌!

होडी थांबली. हेस्टर वाकली, मान आत घातली. मग तिचा असा आवाज आला, की पुलावरच्यांनीही ऐकला.

‘डॉक्टर! हे काय आहे?’

होडीच्या मागच्या टोकावर सुकाणू अडकवायच्या दोन पितळी कड्या होत्या. आदल्या दिवशी दुपारपर्यंत नव्हत्या. संध्याकाळी डॉक्टरांना राहवलं नव्हतं. होडी पाण्यात जाणार, मग सुकाणू नको का, म्हणून त्यांनी त्या बसवल्या, चकचकीत घासल्यासुद्धा. आता पुढचं टोक खाली गेल्यामुळे मागचं वर उचललं गेलं होतं आणि त्या कड्या दाराच्या वरच्या चौकटीत रुतल्या होत्या.

‘फक्त दोनच आहेत,’ आतून डॉक्टरांचा बारीक आवाज.

‘स्क्रू काढा ना!’ ओडाबाई.

‘चौकटीत दबलेत. पेचकस जाईल कुठून?’ ओरहान.

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला होता. ‘आत घ्या!’ ते ओरडले. ‘हेस्टर! ओढा तिला आत!’

‘येणार नाही, बाबा. वजन सगळं बाहेर गेलंय.’

‘मी सांगतोय, आत ओढा!’

‘इथं वर मी आहे! तुम्ही नाही!’

चौकटीचं लाकूड एकदा कडकडलं. मी सासऱ्यांकडे बघायला धजेना. आता हे काय बोलतील! त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली.

‘बरं,’ ते ओरडले. ‘मग काय करू, सांग!’

हेस्टरनं वर पाहिलं, खाली पाहिलं, मग सरळ समोर. समोर रोझालीची खिडकी होती.

‘पुढचं टोक वर उचललं तर मागचं खाली बसेल,’ ती भरभर बोलायला लागली. ‘खालून ओढून ते वर येणार नाही. समोरून ओढायला हवं. बाबा, तुमच्या हातातल्या दोराचं टोक त्या खिडकीत पोहोचवा!’

‘त्या बायकांकडे?’

‘हो! तुम्हीच फेकू शकता!’

‘टिनेके, बोट मध्यावर घे. आणि हलवू नकोस,’ सासरे म्हणाले. त्यांनी दोराच्या टोकाला मुठीएवढी गाठ मारली, काही वेढे उजव्या हातात घेतले, काही डाव्या. दुखरा गुडघा बोटीच्या कडेला टेकवला. मी त्यांना आमच्या घरी बरीच वर्षं खुर्चीतून उठताना कण्हताना पाहिलं होतं. हा माणूस मी पाहिला नव्हता. हात मागे गेला, अंग वळलं, आणि दोर हवेत उलगडत वर गेला...

खिडकीच्या खाली हातभर भिंतीवर आदळून पाण्यात पडला. पुलावरून हळहळ ऐकू आली.

‘परत!’ हेस्टर ओरडली. ‘बाबा, परत! जमलंच होतं!’

‘गप्प बस, मला ठाऊक आहे!’ त्यांनी ओला दोर भराभर ओढून घेतला. ‘ओला झाला ते बरं झालं. वजन आलं.’ आणि खिडकीकडे बघून म्हणाले, ‘ओ बायांनो! बघत काय बसलात? झेला!’

दुसऱ्या फेकीला गाठ खिडकीत पोहोचली. एका बाईनं झाडू पुढे काढला, दोर त्यावर आडवा पडला, रोझालीनं कात्री दातात धरून दोन्ही हातांनी तो पकडला. मग एकच गलका. पाच-सहा काळे झगे, चांदीची डोकी, सगळ्या दोराला लोंबकळल्या.

‘मी एकदोन म्हटलं की ओढा!’ हेस्टर. ‘झटका नको! लेंडर्ट, तू सोडू नकोस. एक... दोन...’

‘हेऽऽऽ!’ खिडकीतून आवाज आला. दोर ताणला, त्यातलं पाणी आमच्यावर शिंपडलं. होडीचं नाक थरथरलं आणि वर आलं. बोटभर. मग वीतभर.

‘अजून! रोझाली, अजून!’

‘आमचा मेळ बसत नाहीये, आम्ही सगळ्या हसतोय!’

‘नंतर हसा! एक... दोन...’

मागचं टोक खाली बसलं. ओरहाननं खांदा लावला. पितळ लाकडाला खरवडत किर्रर्र करत सुटलं आणि होडी, अख्खीच्या अख्खी, दारातून बाहेर हवेत आली.

मी किंचाळले. पुलावरचे किंचाळले. होडी दोन दोरांवर झुलत होती, एक तिच्या घरातून, एक समोरच्या खिडकीतून, खाली मी आणि सासरे आणि आमच्यावर तिची सावली.

‘बाजूला व्हा, बाबा!’

‘झालो!’

‘लेंडर्ट, सोड. वेढ्यावरून. रोझाली, तुम्हीही, हळूहळू. दोघांनी बरोबर. नाही, थांब, रोझाली पुढे गेली. लेंडर्ट, सोड. आता दोघं.’

वाऱ्याची एक झुळूक आली आणि होडी स्वतःभोवती अर्धी वळली, पोट फिरून पाण्याकडे आलं. ते कुणी ठरवलं नव्हतं, पण हेस्टरनं क्षणही दवडला नाही. ‘अशीच! अशीच हवीय! सोडा, सोडा, सोडा!’

होडी पाण्याला टेकली. आवाजसुद्धा झाला नाही. नुसती टेकली आणि डोलायला लागली, जणू रोजचंच आहे.

मग मात्र जो आवाज झाला, तो सबंध शहरानं ऐकला असेल. पुलावर अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. सासरे वर बघत होते. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. दोराचंच असेल.

‘पोरी!’ त्यांनी हाक मारली. ‘तो खांबाचा दोर आधी सोडव! की तसाच टांगून ठेवणार आहेस?’

‘सोडवते, बाबा!’ वरून हसण्याचा आवाज आला.

स्खाउटेन डॉक्टर खाली आले आणि आम्ही काही म्हणायच्या आत होडीत उतरले. लगेच त्यांचे बूट भिजले. इतकी वर्षं माळ्यावर वाळलेलं लाकूड, पहिले काही तास पाणी येणारच. फळ्या फुगल्या की बंद होतं. ते दोन्ही हातांनी पाणी उपसत ओरडत होते, ‘तरंगते! ओडा, ही तरंगते!’ ओडाबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या दिशेनं एक पातेलं फेकलं. मग त्या स्वतः गॉगल लावून, टोपी घालून आल्या आणि होडीत बसल्या. ‘कापा म्हणे करवतीनं,’ त्या मला म्हणाल्या आणि परत त्यांचं ते न थांबणारं हसू सुरू झालं.

आम्ही त्यांना आमच्या बोटीमागे बांधून पुलांखालून मोठ्या नदीपर्यंत नेलं. हेस्टर मध्येच एका पुलावरच्या पायऱ्यांवरून आमच्या बोटीत उडी मारून आली. हातांना दोराचे लाल वळ. सासऱ्यांच्या शेजारी बसली. नदी लागली, वारा लागला, मोठी जहाजं भोंगे वाजवून गेली. ती उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडत होती, आणि सासरे तिच्या पट्ट्याला धरून होते, पडू नये म्हणून.

त्या दुपारी ती केकचे खोके घेऊन रोझालीकडे गेली. सगळ्या गडबडीत एका बाईच्या डोक्यावरचा रंग फार वेळ राहिला होता आणि केस गाजरासारखे झाले होते. हेस्टर माफी मागायला लागली तर ती बाई आरशात वळूनवळून बघत म्हणाली, ‘राहू दे गं. नवरा विचारेल तेव्हा सांगेन, होडी ओढत होते.’

कुणीतरी पुलावरून काढलेली चित्रफीत सगळीकडे फिरली. सोमवारी फोन थांबेना. एकाला गच्चीवर गरम पाण्याचं टाकं चढवायचं होतं, एका चर्चला घंटा उतरवायची होती, आणि एका माणसाला तिसऱ्या मजल्यावर गाय न्यायची होती. ती चिकणमातीची निघाली, तो शिल्पकार होता. बटणाच्या शिड्या जिथं पोहोचत नाहीत तिथं आता लोक आम्हाला बोलावतात. लेंडर्टनं पाठीपायी जड कामं सोडली, तो मापं घेतो आणि पुठ्ठे कापतो. सासरे प्रत्येक कामाला येतात. खाली उभे राहतात, दोर धरतात, वर बघतात.

साधी कामंही आहेतच. आज सकाळीच आम्ही एका घरी गेलो. दार उघडलं एका तरुण बाईनं, हातात दात घासायचा ब्रश.

‘आज होतं का?’ तिनं विचारलं.

हेस्टर तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होती. ‘आजच,’ ती म्हणाली. ‘तुम्ही दात घासा. आम्ही स्वयंपाकघरापासून सुरू करतो.’